वाचकांचे प्रश्न : बौद्धिक अक्षमता असलेल्या सहकाऱ्याला कामात साथ कशी द्यायची?

या अंकासाठी निवडलेली पत्रं वेगवेगळ्या लोकांची आहेत: सुपरवायझर, आई, जॉब कोच (कामाच्या जागी शेजारी राहून काम शिकवणारी व्यक्ती), मालक, सहकारी. विषय मात्र एकच. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती चारचौघांसारखी नोकरी करते आहे किंवा करू पाहते आहे, आणि कुठेतरी घोडं अडलं आहे. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे. वाढीच्या वयापासूनच शिकणं, आठवणं, हिशेब लावणं आणि रोजचे व्यवहार सांभाळणं जड जातं, त्याला वेळ जास्त लागतो आणि शिकवण्याची रीत वेगळी लागते.

प्रश्न : आमच्या पॅकिंग विभागात २३ वर्षांचा तरुण दोन आठवड्यांपूर्वी रुजू झाला. एका खोक्यात १२ बाटल्या, वर पावती, मग चिकटपट्टी आणि लेबल, एवढंच काम. रोज सकाळी मी सगळं नीट समजावून सांगते, तो मान डोलावतो. तासाभरात एखाद्या खोक्यात ११ बाटल्या निघतात, एखाद्यात पावतीच नसते. अजून किती वेळा सांगायचं? (पॅकिंग सुपरवायझर)

उत्तर : आता सांगणं बंदच करा. तोंडी सूचना हवेत विरते. पाच गोष्टी एका दमात सांगितल्या की पहिली किंवा शेवटची तेवढी डोक्यात उरते. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो, हे या तरुणाने लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यापेक्षा ‘करून दाखवा’ म्हणा.

आधी ते काम तुम्ही स्वतः करा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या हाताची प्रत्येक हालचाल लिहून घ्यायला सांगा. ‘खोका भरणे’ ही पायरी नव्हे, ते अख्खं काम झालं. सपाट खोका उचलून चौकोनी करणं, तळाच्या लहान पाळ्या आत घेणं, मोठ्या पाळ्या मिटणं, तळाला पट्टी लावणं, खोका सुलटा करून टेबलावरच्या रंगीत चौकटीत ठेवणं, आत पुठ्ठ्याची जाळी बसवणं, बाटल्या भरणं, पावती ठेवणं, वरच्या पाळ्या मिटणं, पट्टी लावणं, लेबल चिकटवणं, ट्रॉलीवर रचणं. या झाल्या १२ पायऱ्या. यातली कोणती त्याला मुळात अवघड जाते ते पाहा आणि तेवढीच आणखी फोडा. सगळ्याच पायऱ्या बारीक करू नका. जे त्याला सहज येतं त्याचे तीन तुकडे केले तर तो प्रत्येक तुकड्यानंतर थांबायला शिकतो.

आता ११ बाटल्यांचं कोडं. मोजत असताना कुणी हाक मारली की आकडा हातून सुटतो. हे तुमच्या-आमच्याही बाबतीत होतं, फक्त आपण पुन्हा पहिल्यापासून मोजतो. म्हणून मोजणंच कामातून काढून टाका. १२ घरांची पुठ्ठ्याची जाळी असेल तर रिकामं घर डोळ्यांना दिसतं. जाळी नसेल तर १२ खळगे असलेला साचा करून घ्या: आधी साचा भरायचा, मग साच्यातल्या बाटल्या खोक्यात. पावती विसरते कारण ती शेवटाकडे येते आणि हात तोवर चिकटपट्टीकडे वळलेला असतो. पावत्यांचा गठ्ठा टेपगनच्या वर ठेवण्याऐवजी टेपगनच गठ्ठ्याच्या मागे ठेवली, अशी की पावती उचलल्याशिवाय तिला हात पोहोचणार नाही, तर आठवण करून द्यायची गरज उरत नाही. शिवाय १० खोक्यांना १० पावत्या मोजून द्या. शेवटी एक उरली तर चूक याच १० खोक्यांत आहे, अख्ख्या दिवसाच्या मालात शोधाशोध नको.

फोटोंची पट्टी लावायची तर फोटो काम करणाऱ्याच्या बाजूने काढा. समोरून काढले की डावं-उजवं उलटं होतं, आणि मग पट्टीमुळेच चुका होतात. एका फोटोत एकच पायरी. लिहायचं असेल तर एका वाक्यात एकच गोष्ट, आणि अक्षर किमान १४ पॉइंटचं.

शिकवताना बाजूला, किंचित मागे उभे राहा. एकदा न बोलता पूर्ण काम करून दाखवा. मग त्याला करू द्या आणि जिथे अडतो तिथेच मदत करा. काही जणांना उलट्या क्रमाने शिकवणं मानवतं: आधीच्या ११ पायऱ्या तुम्ही करायच्या आणि शेवटची त्याने, मग शेवटच्या दोन, असं मागे सरकत जायचं. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं आणि तो आनंद त्याला मिळतो, हा यातला फायदा. कागदावर १२ ओळी आखा, स्वतःहून केलं तर अधिक, मदत लागली तर उणे. सलग तीन दिवस सगळे अधिक आले की मगच वेगाचा विषय काढा.

ही रीत नवी नाही. मार्क गोल्ड या अमेरिकी शिक्षकाने १९७० च्या दशकात, ज्यांना ‘हे काहीच शिकणार नाहीत’ म्हणून बाजूला काढलं होतं अशा लोकांना अनेक सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. त्याची एक युक्ती अगदी साधी होती: प्रत्येक भाग बरोबर बसवला की जी बाजू जोडणाऱ्याकडे येते, तेवढ्याच बाजूला रंग द्यायचा.

प्रश्न : मी जॉब कोच आहे. माझी कर्मचारी हॉटेलच्या लाँड्रीत टॉवेलच्या घड्या घालते. मी शेजारी असले की काम चोख होतं. दोन मिनिटं बाजूला गेले की हात थांबतात आणि ती दाराकडे बघत बसते. तीन महिने झाले. तिला अजून तयारी लागेल असं व्यवस्थापकांचं म्हणणं आहे.

उत्तर : तयारी तिची झाली आहे. तुमचं शेजारी असणं हीच तिच्या कामाची एक पायरी होऊन बसली आहे. टॉवेल उचलायचा, तुमच्याकडे बघायचं, तुम्ही किंचित मान हलवायची, मग पहिली घडी. तुम्ही गेलात की मधली पायरी गळते आणि साखळी तुटते. दोष तिच्यात शोधू नका. मदत दिली गेली पण ती काढून घेण्याचा बेत आखला गेला नाही, म्हणून हे झालं.

एक दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा: तासाभरात तुम्ही किती वेळा बोललात, बोट दाखवलंत, ‘छान’ म्हणालात, नुसतं हसलात? बहुतेक इशारे नकळत दिलेले असतात. मदतीच्या पायऱ्या चढत्या क्रमाने अशा: काहीच न करणं, आडून विचारणं (‘आता पुढे?’), थेट सांगणं, खूण करणं, करून दाखवणं, तिच्या संमतीने हाताला किंचित दिशा देणं. तिला येत असलेल्या कामात सुरुवात नेहमी पहिल्या पायरीपासून करा, आणि एका पायरीवरून वर चढण्याआधी पूर्ण ५ सेकंद थांबा. मनात मोजा. ५ सेकंद फार लांबलचक वाटतात आणि बरेच कोच तिसऱ्या सेकंदाला बोलून मोकळे होतात. जी कर्मचारी चौथ्या सेकंदाला हात हलवणार होती, तिला त्यामुळे आपण स्वतःहून करू शकतो हे कधी कळतच नाही. एक अपवाद: काम अगदी नवं असताना किंवा चूक धोक्याची असताना (गरम इस्त्री, रसायनं) उलटा क्रम धरा. पहिल्यापासून भरपूर मदत, मग हळूहळू कमी.

अंतर वाढवायचं तेही मोजूनमापून. आधी शेजारून मागे या, म्हणजे ती तुमचा चेहरा वाचू शकणार नाही. तुमची नजर टॉवेलवर असू द्या, तिच्यावर नको. मग दोन मीटर, मग खोलीचं दुसरं टोक, मग दाराबाहेर ५ मिनिटं, १५ मिनिटं, एक पूर्ण तास. प्रत्येक टप्प्यावर घड्या बरोबर येत राहिल्या तरच पुढचा टप्पा. बिघडल्या तर एकच टप्पा मागे, थेट पहिल्यावर नको. आणि ‘मी आले हं’ म्हणून गुपचूप नाहीसं होऊ नका. असं केलं की ती दिवसभर दारच बघणार. किती वाजता परत येणार ते घड्याळाच्या चित्रावर दाखवा आणि त्याच वेळेला या.

रिकामी झालेली जागा कुणी घ्यायची? त्या खात्यातल्याच माणसाने. टॉवेलचा नवा गठ्ठा आजपासून तुम्ही देऊ नका, शिफ्टप्रमुखाने द्यावा. चूक झाली तर ती तुम्हाला नाही, त्यांना दाखवायची. तुम्ही त्या शिफ्टप्रमुखाला शिकवा की लहान वाक्यात कसं सांगायचं आणि ५ सेकंद कसं थांबायचं. बरेच कोच इथे चुकतात: मालक आणि कर्मचारी यांच्यामधले दुभाषे होऊन बसतात, आणि मग दोघांनाही एकमेकांशी बोलायची सवय लागत नाही.

आणखी एक, स्पष्टच विचारतो. मागे पडलेल्या टॉवेलच्या घड्या तुम्ही स्वतः घालून देता का? देत असाल तर आज थांबवा. तिचा खरा वेग कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्ही गेल्यावर ‘आता हिचं काम बिघडलं’ असा शिक्का तिच्या कपाळी येईल.

पूर्ण बाहेर पडल्यावरही महिन्यातून एकदा डोकवा. शिफ्टप्रमुख बदलला, मशीन बदललं किंवा टॉवेलचा आकार बदलला तर त्याच आठवड्यात जा. या तीन वेळांना नोकऱ्या जातात.

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या मुलाला मुलाखतीत काही विचारलं की तो ‘हो’ म्हणतो किंवा प्रश्नातला शेवटचा शब्द परत म्हणतो. दोन ठिकाणांहून नकार आला. आधी वर्ष-दोन वर्षं प्रशिक्षण केंद्रात पाठवावं का? (एक आई)

उत्तर : मुलाखत ही बोलण्याची परीक्षा आहे. त्याला नोकरी मिळणार ती हाताच्या कामाची. म्हणून मुलाखतीऐवजी कामाची चाचणी मागा: खऱ्या जागी, खऱ्या सामानासह, दोन-तीन दिवस, रोज दोन-तीन तास. तारखा आधीच लेखी ठरवून घ्या. ‘बघू, येत राहू दे’ असं महिनोन्महिने चालणारी चाचणी म्हणजे फुकटची मजुरी.

तरीही बोलणं होणारच, तर मुलाखत घेणाऱ्याला आधी दोन गोष्टी कळवा. हो-नाहीचे प्रश्न नकोत. पर्याय दिले तर क्रम उलटा करून पुन्हा विचारा: ‘बसून काम आवडतं की उभं राहून?’, मग थोड्या वेळाने ‘उभं राहून की बसून?’ दोन्ही वेळा शेवटचाच पर्याय आला तर ते उत्तर नव्हेच. फोटो पुढे ठेवून निवडायला सांगितलं तर बहुतेकदा खरं मत कळतं.

प्रशिक्षण केंद्राबद्दल: ‘आधी शिकवा, मग नोकरीला लावा’ ही पद्धत जुनी आहे. ती अडते कारण केंद्रात शिकलेलं कामाच्या जागी आपोआप उतरत नाही. टेबल वेगळं, आवाज वेगळा, माणसं वेगळी. आपल्याला तेच काम वाटतं, त्याला ते नवं असतं. ‘आधी जागा, मग तिथेच शिक्षण’ हा क्रम धरा. वर्षभर मणी ओवून माणूस मणी ओवण्यात पटाईत होतो, एवढंच.

केंद्राऐवजी पुढचे दोन-तीन आठवडे त्याचं निरीक्षण करा. कुणी न सांगता तो काय करतो? किती वेळ टिकतो? कशाने बिथरतो? नवीन गोष्ट पाहून शिकतो की करून? ते एका पानावर लिहा, पण ‘मेहनती, आज्ञाधारक’ असले शब्द नकोत, त्यावरून कुणालाच काही कळत नाही. ‘४० मिनिटं एका जागी बसून रंगांप्रमाणे वस्तू लावतो, अचानक मोठा आवाज झाला की कान झाकतो, अंक १० पर्यंत जुळवतो, मोजत नाही’ असं लिहा. या पानावरून काम शोधता येतं. आणि पान त्याच्यासमोर, त्याला विचारून लिहा. तुम्हाला आवडलेली नोकरी आणि त्याला आवडलेली नोकरी एकच असेल असं नाही.

प्रश्न : इतर कामगार तासाला ४० खोके करतात, आमचा हा कर्मचारी २२ करतो. दर्जा उत्तम आहे. त्याला निम्मा पगार देणं न्याय्य ठरेल ना? (एक लघुउद्योजक)

उत्तर : नाही. एकाच कामाला एकच दर. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं २७ वं कलम खुल्या, सर्वसमावेशक आणि सुगम श्रमबाजारात काम करण्याचा हक्क सांगतं, आणि समान मूल्याच्या कामाला समान मोबदलाही त्याच कलमात येतो. तो तासच कमी करत असेल तर पगार तासांनुसार कमी होईल, पण तासाचा दर तोच.

आता ४० आणि २२ मधला फरक कुठे जातो ते शोधा. घड्याळ लावून तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पाहा आणि सेकंद तीन रकान्यांत टाका: प्रत्यक्ष काम, सामान आणण्यासाठी चालणं, आणि ‘आता काय’ म्हणून थांबणं. पहिल्या रकान्यात अनेकदा फारसा फरक निघत नाही. थांबणं जास्त असेल तर कुठे थांबतो? लेबलचं तोंड कोणत्या बाजूला हा निर्णय घ्यावा लागत असेल, तर लेबल जिथे लावायचं तिथे खोक्यावर आधीच चौकट छापा. चालणं जास्त असेल तर सामान हाताशी आणा. या दोन दुरुस्त्यांनी बाकीच्या कामगारांचाही वेग वाढतो, हे मालकांच्या उशिरा लक्षात येतं.

एवढं करूनही अंतर राहिलं तर कामाची वाटणी बदला. खोके उभे करणं आणि जाळी बसवणं त्याच्याकडे, स्कॅनिंग आणि लेबल इतरांकडे, असं केल्याने सगळ्यांचा मिळून आकडा वाढू शकतो. फक्त वाटणी करताना कुणालाच नको असलेली झाडलोट तेवढी त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. असं हटकून होतं.

प्रश्न : डाऊन सिंड्रोम असलेली आमची सहकारी ४४ वर्षांची आहे. १५ वर्षं तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही. गेल्या सहा महिन्यांत ती मंदावली आहे, चिडते, ठाऊक असलेल्या पायऱ्या विसरते. वरिष्ठ म्हणतात, ‘आळस वाढला’. (एक कार्यालयीन सहकारी)

उत्तर : आळस हे निदान नव्हे, आणि ‘डाऊन सिंड्रोमच आहे, असं व्हायचंच’ हेही निदान नव्हे. येत असलेलं काम येईनासं झालं की आधी शरीर तपासायचं. तिच्या संमतीने घरच्यांशी बोला आणि सोबत एक कागद द्या: काय बदललं, केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त. ‘बिघडली आहे’ एवढ्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही.

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडची कमतरता वारंवार आढळते. त्याने माणूस मंद, थकलेला आणि उदास दिसतो, आणि साध्या रक्ततपासणीत ते कळतं. ऐकू कमी येणं आणि कानातला मळ साचणं सर्रास असतं. सूचना ऐकूच आली नाही तर ती ‘विसरली’ असं वाटतं. मोतीबिंदू लवकर होतो. झोपेत श्वास अडखळणंही नेहमीचं: रात्री घोरणं, दिवसा पेंगणं, चिडचिड. या स्त्रियांची पाळीही इतरांपेक्षा लवकर जाते. घरात कुणाचा मृत्यू, जिवलग सहकाऱ्याची बदली, यामुळे आलेलं नैराश्यही असंच दिसतं, आणि ते तिला शब्दांत सांगता येईलच असं नाही. चाल बदलली, पकड सैल झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानेच्या वरच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दबला असण्याची शक्यता असते.

हे सगळं तपासून झाल्यावर स्मृतिभ्रंशाचा विचार. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असल्यामुळे डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर येतो, चाळिशीनंतर धोका वाढत जातो. सुरुवातीला विसरण्याआधी स्वभावच बदललेला दिसू शकतो. तेच निघालं तरी नोकरी लगेच संपत नाही. जागा आणि वेळ तीच ठेवा, पायऱ्या कमी करा, पूर्वी काढून टाकलेली फोटोंची पट्टी पुन्हा लावा, कामाचे तास सकाळी घ्या. नवं काही शिकवायला जाऊ नका.

तुमच्याकडे डाऊन सिंड्रोम असलेलं पस्तिशीतलं कुणी काम करत असेल तर त्यांना आज काय काय येतं ते आताच लिहून ठेवा. पुढे तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

प्रश्न : खात्यातले काही जण नव्या मुलाला ‘बाळ’ म्हणतात, गाल ओढतात. दोघांनी त्याच्याकडून उसने पैसे घेतले आणि परत दिले नाहीत. सगळ्यांना बसवून त्याच्या अपंगत्वाबद्दल व्याख्यान ठेवू का? (मनुष्यबळ विभाग)

उत्तर : व्याख्यान नको. त्याचा बुद्ध्यंक, निदान, औषधं ही त्याची खासगी बाब आहे. सहकाऱ्यांना फक्त काम चालण्यापुरतं सांगा, तेही त्याने होकार दिल्यावर: ‘एका वेळी एकच काम सांगा, दाखवून सांगा, घाई करू नका.’ बाळ आणि गाल ओढणं मात्र तिथल्या तिथे थांबवा. खात्यात सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर त्यालाही ‘तुम्ही’. सगळे एकमेकांना ‘अरे-तुरे’ करत असतील तर त्यालाही तसंच, वेगळा लाडिक सूर नको.

पैशांची गोष्ट वेगळी, ती फसवणूक आहे. त्या दोघांकडून पैसे परत मिळवून द्या आणि इतर कुणाच्या बाबतीत झालं असतं तर जी कारवाई केली असती तीच करा. त्याला ‘नाही, मी पैसे देत नाही’ हे एक वाक्य प्रत्यक्ष प्रसंग रचून शिकवा: दोन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या शब्दांत मागून बघायचे. एकाच माणसासमोर केलेला सराव दुसऱ्यासमोर उपयोगी पडत नाही. आणि कुणाकडे तक्रार करायची त्या एका व्यक्तीचा फोटो त्याच्या लॉकरमध्ये आतून लावा. ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण, त्यांचा फोटोही खाली हवा.

प्रश्न : मुलगी बसने एकटी कामावर जाते. मागच्या आठवड्यात बसचा मार्ग बदलला आणि ती तीन तास थांब्यावरच बसून राहिली. आता तिचे वडील रोज सोडतात. पुन्हा एकटी पाठवावी का?

उत्तर : पाठवा, पण राहून गेलेला भाग आधी शिकवा. तिला प्रवास येतो, प्रवास बिघडल्यावर काय करायचं ते शिकवलेलं नाही. नियम एकच ठेवा आणि तो वेळेशी बांधा: मोबाइलवर ठरलेल्या वेळेचा गजर, गजर वाजला आणि अजून बस आली नसेल तर पहिल्या क्रमांकाचं बटण दाबून फोन करायचा. ‘उशीर झाला तर’ असं सांगू नका, उशीर म्हणजे किती हे तिने कसं ठरवायचं? फोन लागला नाही तर दाखवायला गळ्यातल्या ओळखपत्रामागे एक चिठ्ठी असू द्या, त्यावर कामाच्या जागेचा क्रमांक. घरचा पत्ता त्यावर नको.

मग मुद्दाम बिघाड घडवून सराव घ्या. वडिलांनी तिच्याबरोबर थांब्यावर उभं राहावं आणि ती बस सोडून द्यावी. गजर वाजेपर्यंत काही बोलू नये. दुसऱ्या खेपेला वडील थांब्याच्या पलीकडे, तिसऱ्या खेपेला तिला न दिसता मागच्या बसने. तीन वेगवेगळ्या दिवशी तिने स्वतःहून फोन केला की वडिलांनी घरी थांबावं. कामाच्या जागी सुपरवायझरला मात्र आजच सांगून ठेवा: ठरलेल्या वेळेपेक्षा २० मिनिटं जास्त झाली तर त्यांनी घरी फोन करायचा. मागच्या आठवड्यात तीन तास तिची गैरहजेरी कुणाच्याच लक्षात आली नाही, तो बिघाड बसचा नव्हता.